खडे वेचलेलं मैदान

मैदानावरचं गवत प्लास्टिकचं झालं, तरी क्लबने माळी काढला नाही. त्याला काढायचं कोणाच्या मनातही आलं नाही. तो रोज सकाळी येतो, डोक्याला फडकं बांधतो आणि जे वाढत नाही, सुकत नाही, मरत नाही अशा गवताची निगा राखतो. मी या क्लबची फिजिओ आहे. म्हणजे फुटबॉल खेळणाऱ्या पोरींचे गुडघे, घोटे आणि मांड्या यांची निगा राखते. नवं मैदान आल्यापासून माळ्याचं काम कमी झालं आणि माझं वाढलं, एवढं मी कोणालाही, कधीही, न विचारता सांगते.

आधी तिथे माती होती. मधेमधे गवताचे पुंजके आणि बाकी सगळे खडे. पडलं की गुडघा सोलवटून निघायचा. म्हणून क्लबात एक रीत पडली होती. सरावाआधी सगळ्यांनी गोलपोस्टपाशी खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहायचं आणि वाकून खडे वेचत दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. मी खेळत होते तेव्हा मीही वेचले आहेत. वेचता वेचता गप्पा व्हायच्या, रुसवे निघायचे, नव्या मुलीची ओळख व्हायची. दुसरे क्लब सामन्याआधी कडं करून आरोळ्या ठोकतात, आम्ही खडे वेचतो, असं आम्ही जरा नाक वर करूनच सांगायचो.

मग हिरवंगार मैदान आलं. फीत कापली गेली, फोटो निघाले. आमचे सेक्रेटरी, जे स्वतःच्या टेबलावरची धूळ दिवसातून चारदा पुसतात, ते त्या हिरवळीवर बूट काढून चालले. फक्त एका गोष्टीने त्यांचा जीव जायचा. या प्लास्टिकच्या गवतात रबराचे काळे दाणे भरलेले असतात. ते मुलींच्या मोज्यांतून घरोघरी पोचले. कपडे धुवायच्या यंत्रात, गाडीच्या पायपुसण्यावर, अंथरुणात. एका आईने पालकांच्या सभेत चहाचा थर्मास उपडा करून दाखवला होता, त्यातूनही दाणे निघाले. पुढे हळूहळू तक्रारी थांबल्या. का थांबल्या ते कोणी विचारलं नाही. तक्रार थांबली की कारण विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

तक्रारी थांबल्या आणि गुडघे सुरू झाले. आधी गोलरक्षकाचा घोटा. मग बचावातल्या दोघी. मग माझी भाची.

भाचीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण चेंडू पायात आला की ती अशी गर्रकन वळते की समोरचीला ती कुठे गेली तेच कळत नाही. माझ्या मोठ्या बहिणीची ही एकुलती एक. मायलेकी वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. गेल्या हंगामात एका साध्या सरावात ती अशीच वळली. कोणी धक्का दिला नाही, कोणी पाय घातला नाही. ती वळली आणि तिचा डावा पाय वळला नाही. मी बाकावर होते, आवाज मला तिथे ऐकू आला. गुडघ्यातला बंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर तिला पुन्हा उभं करायचं, चालवायचं, पळवायचं, हे सगळं माझ्या हातांनी झालं. ती रडायची, मी ओरडायचे, बहीण दाराआडून आम्हा दोघींना शिव्या द्यायची. आमच्या घरात प्रेमाची तीच भाषा आहे.

या सगळ्याला जबाबदार कोण, यावर माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं वर्षभर भांडण चाललं. भाऊ संघाचा प्रशिक्षक. भिंगरीचा मामा म्हणून तो अख्ख्या संघाचाच मामा झाला आहे, तशी मी सगळ्यांची मावशी. मी म्हणायचे, हे प्लास्टिक उखडून टाका. खऱ्या गवतावर पाय अडकला तर गवत उपटून येतं, गुडघा वाचतो. तो म्हणायचा, जगभर याच मैदानांवर खेळतात, तुझ्याच पोरींना बरी इजा होते. बूट बदला, मांड्या मजबूत करा, झोप पुरी घ्या. एकदा तर जेवताना म्हणाला, "ताई, नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय तुझं."

"कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं," मी म्हटलं आणि ताट उचलून उठले. ही त्याला चपराक बसली असं मला वाटलं होतं, पण तो शांतपणे माझ्या वाटणीचंही जेवला.

यंदा संघ अंतिम सामन्यात पोचला. सामना आमच्याच मैदानावर. भिंगरी बरी झाली होती, पळत होती, वळत होती. त्यात बातमी आली की मोठ्या संघाच्या निवडकर्त्या बाई सामना बघायला येणार आहेत, आणि त्या खास भिंगरीला बघायला येणार आहेत. गेल्या वर्षी त्या येणार होत्या तेव्हा ही खाटेवर होती. आता पुन्हा अशी संधी कधी येईल कोण जाणे. घरात कोणी मोठ्याने बोललं नाही, पण बहिणीने तिचा सामन्याचा शर्ट दोनदा इस्त्री केला.

त्याच आठवड्यात सरावात एका मुलीच्या पोटरीत गोळा आला. मी धावत गेले, गुडघे टेकले, तिचा पाय ताणून धरला. काम झाल्यावर उठायला जमिनीवर तळवा टेकला आणि उचलून पाहिला. तळवा स्वच्छ. विजारीचे गुडघेही स्वच्छ. उपांत्य सामन्यात समोरच्यांच्या मैदानावर मी अशीच टेकले होते, तेव्हा हात कोळसा पोचवणाऱ्यासारखे काळे झाले होते. तेही मैदान याच प्रकारचं. मी पुन्हा खाली बसले आणि बोटांनी गवत विंचरून बघितलं. पाती झोपून उठलेल्या माणसाच्या केसांसारखी एका बाजूला चपटली होती. त्यांच्याखाली बोट सरळ कडक कापडाला लागलं. मधे काहीही नव्हतं.

मी माळ्याला हाक मारली. "इथले काळे दाणे कुठे गेले?"

त्याचा चेहरा उजळला. इतके दिवस कोणीतरी विचारावं म्हणून तो वाटच बघत असावा. "एक दाणा राहू दिला नाही, मावशी. साहेबांनी ते ओढून घ्यायचं यंत्र आणलंय ना. मी आधी यंत्र फिरवतो. यंत्रातून सुटलेले पोरी वेचतात."

"पोरी वेचतात?"

"रांगेत. पूर्वी खडे वेचायच्या तशाच."

ती रांग मी रोज बघत होते. मला वाटायचं, रीत म्हणून चालतात. त्याने मला बाकांच्या मागच्या खोलीत नेलं. छतापर्यंत पोती रचलेली होती, तोंडं नीट शिवलेली. सगळ्यांवर त्याने खडूने 'कचरा' असं लिहिलं होतं. मी एका पोत्यावर बसले. ते पोतं इतकं मऊ होतं की बसल्यावर माझा संताप आणखी वाढला.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. या गवताचा मऊपणा पात्यांत नसतो, दाण्यांत असतो. दाणे पात्यांना उभं धरतात, पडणाऱ्याला झेलतात आणि बुटाच्या खिळ्यांना वळायला जागा देतात. ते काढले की उरतो फरशीवर ताणून ठोकलेला गालिचा. खिळा त्यात रुततो, पाय तिथेच राहतो आणि बाकीची मुलगी वळते. प्लास्टिकबद्दलचं माझं मत आजही बदललेलं नाही. पण वर्षभर मी आणि भाऊ ज्यावरून भांडलो ते गवत बिचारं बाजूलाच राहिलं होतं. आमच्या मुली रोज सरावाआधी, मोठ्या प्रेमाने, स्वतःच्या पायाखालची गादी स्वतःच्या हातांनी वेचून पोत्यात भरत होत्या.

मी तशीच सेक्रेटरींच्या खोलीत गेले. ते चषक पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणजे पुसणं न थांबवता ऐकलं.

"पालकांच्या सभेत ठरलंय ते," ते म्हणाले.

"साहेब, ते दाणे म्हणजे मैदानाची गादी आहे."

"गादी असती तर आत शिवलेली असती ना, बाई. गादीतला कापूस कोणी वर पसरतं का?"

असल्या प्रश्नाला उत्तर देण्याचं शिक्षण मला कोणी दिलेलं नाही.

"बरं, मग सामना दुसरीकडे घेऊ. पाण्याच्या टाकीमागचं जुनं मैदान आहे. खरं गवत आहे."

"तिथे खुर्च्या कुठे ठेवायच्या? गवत घोट्याच्या वर आलंय. पाहुण्या साडी नेसून येणार." त्यांनी चषक उजेडात धरून पाहिला. "सामना होऊन जाऊ दे. मग बघू काय ते. समिती नेमू."

पालथ्या घड्यावर पाणी ओतून मी घरी आले. भाऊ माझ्याच स्वयंपाकघरात माझाच चहा पीत बसला होता. त्याला सांगितलं तेव्हा मात्र त्याने पहिल्यांदाच वाद घातला नाही. कप खाली ठेवला.

"म्हणजे बुटांचं काही नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"आणि गवताचंही नव्हतं."

"ते आपण नंतर बघू."

त्याने एक अट घातली. मुलींना यातलं काही सांगायचं नाही. सामन्याच्या तोंडावर डोक्यात भीती घातली तर त्या जपून खेळतील, आणि जपून खेळणाऱ्यालाच हमखास लागतं. हे त्याचं जुनं तत्त्वज्ञान. ते अगदीच खोटं नाही, म्हणून मी मान डोलावली. सामन्याच्या आदल्या दुपारी, सेक्रेटरी मंडपवाल्याकडे गेलेले असताना, मी, भाऊ आणि माळी अशा तिघांनी पोती फोडली. फावड्याने दाणे पसरले, खराट्याने पात्यांत झाडले. माळी प्रत्येक पोत्यामागे एक उसासा टाकत होता. एवढ्या कष्टाने जमवलेला कचरा परत टाकताना त्याला बघवत नव्हतं. अख्खं मैदान होणं शक्य नव्हतं, पण मधला सगळा पट्टा आणि दोन्ही गोलपुढची जागा झाली. संध्याकाळी मी स्वतः त्यावर उड्या मारून पाहिल्या. माझ्या वयाला शोभत नव्हतं, पण मैदानाने मला झेललं. माझी कंबर मोडली होती आणि मी कित्येक महिन्यांत इतकी खूश नव्हते.

सकाळी मैदानावर पोचले तर यंत्राची घरघर कानावर आली.

पुढे माळी यंत्र ओढत होता. मागे रांग होती. अख्खा संघ, खांद्याला खांदा लावून, वाकून, दाणा दाणा वेचत माझ्याच दिशेने येत होता. प्रत्येकीच्या हातात पिशवी. बाजूला पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सेक्रेटरी उभे, कुठे राहिलं ते बोटाने दाखवत. मैदान धुतलेल्या ताटासारखं लख्ख झालं होतं.

भिंगरी रांगेच्या मधोमध होती. मला पाहून सरळ झाली, कपाळावरचा घाम पुसला. "मावशी, बघितलंस का? कोणीतरी मैदानभर कचरा टाकून गेलं गं. समोरच्या संघाचंच काम असणार. पण आम्ही लवकर आलो. सगळा काढला."

मी भावाकडे पाहिलं. तो आत्ताच आला होता, चपलाही धड पायात नव्हत्या. त्याने मुलींना काही सांगितलं नव्हतं, कारण ते आमचं ठरलं होतं. मी माळ्याकडे पाहिलं. त्याने सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. मंडपात पहिले पाहुणे येऊन बसायला लागले होते. पोती कुठे आहेत विचारलं तर म्हणे खोलीला कुलूप लावलंय आणि किल्ली सुरक्षित आहे.

मी भिंगरीला हाताला धरून माझ्या खोलीत नेलं, तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. अट गेली चुलीत. ऐकता ऐकता तिने हातातली पिशवी हळूच जमिनीवर ठेवली.

"म्हणून तू आज खेळायचं नाहीस," मी म्हटलं. "तुझा गुडघा मी जोडून आणलाय. या फरशीवर मी तो पुन्हा जाऊ देणार नाही."

"बाई मला बघायला आल्यात, मावशी."

"माहीत आहे."

"माझ्या जागी कोण?"

तिला माहीत होतं. तिच्या जागी लिंबू उतरणार होती. संघातली सगळ्यात लहान, लिंबूटिंबू म्हणून घेतलेली आणि मग खरोखरच चांगली निघालेली.

"तिला सांगितलंस?"

"तिचा गुडघा चांगला आहे."

"माझाही होता," भिंगरी म्हणाली.

बाहेर कोणीतरी माइक तपासत होतं. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही.

"एक तर सगळ्यांना सांग," ती टेबलावरून उतरत म्हणाली, "नाहीतर मला खेळू दे. माझ्यापुरतं करू नकोस." आणि ती बूट घालायला गेली. तिला खात्री होती की मी सगळ्यांना सांगणार नाही. एवढा मंडप, एवढी माणसं, अंतिम सामना. तिला खेळायचं होतं आणि तिने मला बरोबर कोंडीत पकडलं होतं. घराण्याचा गुण, दुसरं काय.

आमच्या स्पर्धेत एक नियम आहे. सामन्याआधी दोन्ही संघ ओळीत उभे राहतात. पंच एकेका खेळाडूसमोर थांबतात आणि संघाच्या फिजिओने तोंडाने सांगायचं, फिट की अनफिट. फिजिओने अनफिट म्हटलं की त्यापुढे प्रशिक्षकाचं, सेक्रेटरीचं, देवाचंही चालत नाही. वर्षानुवर्षं मी या ओळीच्या मागून फिट, फिट, फिट म्हणत जाते आणि मनात दुपारच्या जेवणाचा विचार करते.

पंच पहिल्या मुलीसमोर थांबले. गोलरक्षक.

"अनफिट," मी म्हटलं.

"काय झालंय?"

"गुडघा."

दुसरी. अनफिट. गुडघा. तिसरी. अनफिट. पंचांनी मान वर केली. भाऊ दोन पावलं पुढे आला आणि थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे, आणि दोन पावलं मागे गेला. त्यासाठी मी त्याची वर्षभराची भांडणं माफ केली. मंडपातून सेक्रेटरी हात हलवत निघाले होते. भिंगरीसमोर आलो तेव्हा ती माझ्या डोळ्यांत बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. मान अगदी किंचित नाही म्हणत होती. नको, मावशी.

"अनफिट," मी म्हटलं.

शेवटी लिंबू. ती पंचांना स्वतःच म्हणाली, "मला काही झालं नाहीये, सर."

"अनफिट. राखीव बसल्यात त्याही सगळ्या."

पंच भला माणूस होता. त्याने मला बाजूला घेतलं. "अहो बाई, काय चालवलंय? सगळ्यांचे गुडघे तर धडधाकट दिसतायत मला."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच."

सामना न खेळता चषक समोरच्या संघाला गेला. त्या बिचाऱ्या त्या मैदानावर अनवाणी नाचल्या, त्यांना काही झालं नाही. निवडकर्त्या बाई चहा न घेताच निघाल्या. भिंगरी फाटकापाशी उभी राहून त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत होती. त्यांनी परत येण्याचं काही सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सेक्रेटरींनी समिती नेमली आहे. तिच्यापुढे दोन विषय आहेत, दाणे आणि मी. कोणता आधी घ्यायचा यावरच त्यांचं अजून एकमत झालेलं नाही. पोती कुलपातच आहेत. भाऊ मुलींना टाकीमागच्या मैदानावर सरावाला नेतो. तिथे गवतात खडे आहेत, ते त्या वेचतात.

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघत जाते. मी केलं ते बरोबर होतं हे तिला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती मला माफ करत नाही. संध्याकाळी वरच्या मजल्यावर ती या खोलीतून त्या खोलीत दाणदाण पाय आपटत फिरते. बहिणीने काल फोन केला. "तू तरी हिला सांग गं. एक दिवस छत पडेल तुझ्या डोक्यावर."

मी काही सांगणार नाही. मी खाली खुर्चीत बसते, दिवा लावत नाही, आणि ऐकते. उजवा, डावा. उजवा, डावा. दोन्ही पाय सारख्याच जोराने पडतात.